ओढण्याचे बळ आणि पेलण्याचे बळ

बैलगाडी भरण्याचे काम ज्यांनी केले आहे, त्यांना एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. गाडीत किती पोती घालावयाची, हे बैल किती ओढतील एवढ्यावरच ठरत नसते. पोती मागे अधिक गेली तर गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून उचलले जाते आणि चढणीवर बैलांचे काही चालत नाही. पोती पुढे अधिक झाली तर सारा भार जुवावर येतो आणि बैल निम्म्या वाटेतच थकतात. उतार लागला म्हणजे ओढण्याचा प्रश्न राहतच नाही. मागून रेटणारी गाडी आवरावी कशी, हा प्रश्न उभा राहतो. ओढणे, पेलणे आणि आवरणे ही तीन निरनिराळी कामे आहेत आणि या तिन्हींपैकी ज्यात आपले बळ सर्वांत कमी, तीच गाडीची खरी मर्यादा होय, हे शहाणपण आमच्या शेतकऱ्यापाशी पिढ्यानपिढ्या आहे.

नेमके हेच शहाणपण, यंत्रविद्येत साऱ्या जगाला धडे देणाऱ्या अमेरिकेच्या वाहनबाजारात विकत घेणाऱ्याच्या हाती सहजासहजी पडत नाही, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे वाटेल. परंतु तेथील पिकअप ट्रक आणि त्याच्या मागे जोडावयाचा ‘ट्रॅव्हल ट्रेलर’ यांचा व्यवहार ज्या रीतीने चालतो, तो बारकाईने पाहिला म्हणजे या विधानाची सत्यता पटू लागते. विषय परक्या देशाचा आहे, त्यावर अग्रलेखाची जागा कशाला खर्च करावी, अशी शंका वाचकांस येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर द्विविध आहे. गोव्यातील, बेळगावातील आणि बडोद्यातील मराठी घरांतून गेलेले पुष्कळ लोक आज त्या देशात स्थायिक झाले असून तेथील सुट्ट्यांच्या प्रवासाची ही पद्धत त्यांच्याही घरांत शिरली आहे. आणि दुसरे असे की, महाराष्ट्र व केरळ या राज्यांनी २०२१ मध्ये कॅराव्हान पर्यटनाची धोरणे जाहीर केल्यापासून चाकांवरच्या घराची ही कल्पना आपल्या दारापर्यंत येऊन पोहोचली आहे. येणाऱ्या पाहुण्याचे गुणदोष त्याने उंबरठा ओलांडण्यापूर्वीच जाणून घेतलेले बरे.

प्रथम वस्तू समजून घेऊ. ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे स्वतःचे इंजिन नसलेले, चाकांवरचे एक सुसज्ज घर. निजण्याच्या खोल्या, स्वयंपाकाचा ओटा, न्हाणीघर, पाण्याच्या टाक्या, गॅसची नळकांडी, सारे काही त्यात असते. मोठे ट्रेलर पंचवीस ते तीस फूट किंवा त्याहूनही लांब असतात आणि सामानसुमान भरल्यावर त्यांचे वजन साडेतीन-चार टनांच्या घरात सहज जाते. हे घर ओढण्यासाठी अमेरिकेतील सर्वसामान्य कुटुंब जो पिकअप वापरते, त्याला तेथे ‘हाफ टन’ म्हणण्याचा प्रघात आहे. हे नाव जुन्या काळचे आहे. तेव्हा या गाडीवर अर्धा टन माल लादता येई. आज ती त्याहून अधिक पेलते, पण नाव तेच राहिले आहे. बहुतेक राज्यांत अशी सात टनांची जोडगाडी हाकण्यासाठी साधा वाहनपरवाना पुरतो. एकत्रित वजनमर्यादा २६,००० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ११,८०० किलोंच्या आत असेपर्यंत व्यावसायिक परवान्याची आवश्यकता सहसा पडत नाही. काल कचेरीत बसून टंकलेखन करणारा गृहस्थ आज सकाळी ट्रेलर विकत घेऊन दुपारी महामार्गावर येऊ शकतो.

तेव्हा त्याच्यापाशी मार्गदर्शन म्हणून काय असते? जाहिरातीतला एक आकडा असतो. ‘ही गाडी पाच टन ओढते’, असे जाहिरात सांगते. पाच टन ओढणारी गाडी आणि चार टनांचा ट्रेलर. एक टन हाताशी शिल्लक. गणित इतके सोपे आणि इतके आश्वासक असते की पुढे काही विचारावे असे ग्राहकाच्या मनातही येत नाही.

या आकड्याचा इतिहास उद्बोधक आहे. ओढण्याची क्षमता कशी मोजावी याचा सर्वमान्य दंडक त्या देशात बराच काळ नव्हता. प्रत्येक कारखानदार आपापल्या कसोटीने मोजी आणि प्रतिस्पर्ध्याहून आपला आकडा चार पौंडांनी तरी मोठा राहील याची काळजी घेई. अखेर वाहन-अभियंत्यांच्या ‘एसएई’ या संस्थेने २००८ मध्ये ‘जे २८०७’ या नावाचा दंडक प्रसिद्ध केला. अॅरिझोना राज्यात डेव्हिस धरणापासून निघणारा एक चढाचा रस्ता आहे. सुमारे १८ किलोमीटरांच्या अंतरात तो जवळजवळ ९०० मीटर चढतो. त्या चढासारख्या चढावर, ३८ अंश सेल्सिअस तापमानात, गाडीतील वातानुकूलन चालू ठेवून, ट्रेलरसह गाडीने ठराविक वेग राखला पाहिजे, अशी एक कसोटी त्यात आहे. सपाटीवर वेग घेणे, चढावर थांबून पुन्हा निघणे, ब्रेक लावून थांबणे आणि वळणांवर ताबा न सोडणे, यांच्याही कसोट्या आहेत. टोयोटा कंपनीने हा दंडक २०११ च्या गाड्यांपासून स्वीकारला. अमेरिकेतील तीन मोठ्या कारखानदारांनी मात्र २०१५ च्या सुमारास आपले पिकअप त्यात बसविले. तू आधी की मी आधी, या वादात मधली वर्षे गेली. आपला आकडा प्रथम खाली यावा हे कोणालाच नको होते.

दंडक आला हे चांगलेच झाले; त्याचे श्रेय अभियंत्यांना दिले पाहिजे. तथापि दोन गोष्टी विसरून चालणार नाही. पहिली ही की, तो दंडक ऐच्छिक आहे, कायद्याने लादलेला नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. त्या कसोटीत गाडीत माणसे गृहीत धरली आहेत ती दोनच, आणि प्रत्येकी १५० पौंडांची, म्हणजे ६८ किलोंची. जोडणीच्या साहित्यासाठी ७० पौंड धरले आहेत. मागच्या आसनावरची मुले, कुत्रा, सायकली, सरपण, शीतपेट्या, या कशालाही त्या हिशेबात जागा नाही. चाकांवरचे घर घेऊन निघणारे कुटुंब असे रिकाम्या हाताने निघत असेल काय?

येथे आम्ही पुन्हा बैलगाडीकडे वळतो. ट्रेलर आपले सर्व वजन आपल्या चाकांवर पेलीत नाही. त्याच्या पुढच्या दांडीचा भार पिकअपच्या मागच्या टोकावर येतो, जसा गाडीचा भार जुवावर यावा तसा. हा जुवाचा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के असावा लागतो. तो दहा टक्क्यांखाली गेला तर ट्रेलरचे नाक हलके होते आणि वेग वाढताच शेपूट डोलू लागते. मोठा मालट्रक शेजारून गेला किंवा बाजूने वाऱ्याचा झोत आला की हे डोलणे वाढत जाते, आणि शेवटी ट्रेलरच पिकअपला ओढू लागतो. तेव्हा जुवाचा भार कमी करून सुटका नाही. तो पिकअपला पेलावाच लागतो, आणि प्रत्येक किलो पिकअपच्या भारक्षमतेतून वजा होतो. गाडीत बसलेली माणसे, मागच्या हौद्यातले सामान आणि जुवाचा भार, ही तिन्ही ओझी एकाच शिध्यावर जगणारी भावंडे आहेत.

आता एक उदाहरण कल्पनेने घेऊ. पिकअपची जाहिरातीतली ओढक्षमता ५,००० किलो; दारावरच्या पट्टीवर लिहिलेली भारक्षमता ७०० किलो. भरलेल्या ट्रेलरचे वजन ४,००० किलो. जुवाचा भार तेरा टक्के धरला तर तो ५२० किलो झाला. भार विभागणाऱ्या जोडणीचे लोखंडी साहित्य ४५ किलो. नवरा, बायको आणि दोन मुले मिळून २४० किलो. मागच्या हौद्यात सायकली आणि किरकोळ सामान ६० किलो. बेरीज ८६५ किलो होते. जाहिरातीच्या हिशेबाने एक टन हाताशी शिल्लक होता. प्रत्यक्षात गाडी १६५ किलोंनी अधिक लादलेली आहे. हेच गणित उलट मांडले तर डोळे उघडतात. ७०० किलोंतून माणसे, सामान आणि जोडणी वजा केली म्हणजे जुवासाठी उरतात ३५५ किलो. त्यांवर तेरा टक्क्यांच्या हिशेबाने जास्तीत जास्त सुमारे २,७०० किलोंचा ट्रेलर जोडता येईल. पाच हजारांच्या वचनाचे मोल अखेर निम्म्यापेक्षा थोडे अधिक ठरते.

भार विभागणारी जोडणी वापरली म्हणजे हा प्रश्न मिटतो, असे काही विक्रेते सांगतात. ते अर्धसत्य आहे. त्या जोडणीतील पोलादी पट्ट्या मागच्या आसावरचा काही भार पुढच्या आसावर आणि काही ट्रेलरच्या आसांवर ढकलतात. गाडीचे पुढचे अंग उचलले जात नाही, सुकाणू हलके पडत नाही, हा तिचा लाभ खराच आहे, आणि जड ट्रेलरला ती हवीच. पण ओझे वाटून घेणे निराळे आणि ओझे नाहीसे होणे निराळे. कारखानदाराने ठरविलेली भारमर्यादा कोणत्याही पट्टीने वाढत नाही.

या गणितात आणखी एक मौज आहे. एकाच जातीच्या पिकअपमध्ये जो अधिक महाग, अधिक ऐषारामी, कातडी आसनांचा, छताला काच असलेला, त्याची भारक्षमता पुष्कळदा साध्या गाडीपेक्षा कमी असते. कारण उघड आहे. गाडीचे एकूण वजन अमुक मर्यादेत राहिले पाहिजे. त्या मर्यादेतला वाटा कारखान्यातच ऐषारामाने खाऊन टाकला, तर मालकासाठी उरणार काय? अधिक पैसे मोजणारा ग्राहक अधिक बळ विकत घेतल्याच्या समजुतीत घरी येतो आणि वस्तुतः कमी बळ घेऊन आलेला असतो.

ट्रेलर विकणाऱ्यांचीही यात आपली कला आहे. त्यांच्या माहितीपत्रकात ठळक अक्षरांत जे वजन छापलेले असते, ते ‘कोरडे वजन’ असते. म्हणजे पाण्यावाचून, भांड्यांवाचून, कपड्यांवाचून, अन्नावाचून. कित्येकदा बॅटरी आणि गॅसही सोडून. दीडशे लिटरांची टाकी भरली की दीडशे किलो वाढले. कोरड्या घरात कोणी राहावयास जात नाही, मग कोरड्या वजनावर सौदा का व्हावा? ट्रेलरवर त्याची पूर्णभारित वजनमर्यादाही लिहिलेली असते. शहाण्या माणसाने हिशेब धरावा तो त्या वजनावर.

ओढणे आणि पेलणे यांनंतर राहिले आवरणे. वेग ताशी नव्वद किलोमीटरांवरून एकशे दहावर नेला तर वेगात भर पडते सुमारे बावीस टक्के; पण गाडी थांबविण्यासाठी ब्रेकना जी ऊर्जा जिरवावी लागते ती जवळजवळ दीडपट होते. अमेरिकेतील अनेक राज्यांत ३,००० पौंडांवरील, म्हणजे सुमारे १,३६० किलोंवरील ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणे कायद्याने आवश्यक आहे, आणि ते योग्यच आहे. डोंगराच्या लांब उतारावर ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्याचे ब्रेक तापून निकामी होतात. खालच्या गिअरमध्ये, इंजिनाच्या रोधावर उतरावयाचे असते. ट्रेलर डोलू लागला तर घाबरून पिकअपचे ब्रेक जोराने दाबावयाचे नसतात किंवा सुकाणू उलटसुलट फिरवावयाचे नसते. सुकाणू सरळ धरावे, वेगाच्या पट्टीवरून पाय उचलावा आणि हाताजवळच्या नियंत्रकाने फक्त ट्रेलरचे ब्रेक हळूहळू लावावेत. यातली एकही गोष्ट साध्या परवान्याच्या परीक्षेत सर्वसाधारणपणे विचारली जात नाही.

खरा आकडा लपविलेला आहे असे आम्ही म्हणत नाही. तो आहे, आणि चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटविलेल्या पट्टीवर स्पष्ट लिहिलेला आहे. माणसे आणि सामान मिळून अमुक किलोंहून अधिक भार घालू नये, असे ती पट्टी सांगते. पण ती पट्टी तेथे आली कशी, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. २००० साली फायरस्टोन कंपनीच्या टायरांचे कवच सुटून फोर्ड एक्स्प्लोरर गाड्या उलटल्याची प्रकरणे उघडकीस आली. दोनशेहून अधिक माणसे दगावली आणि सुमारे पासष्ट लाख टायर परत मागविण्याची घोषणा करावी लागली. टायरांतील दोष, कमी हवा, उष्णता, वेग आणि भार या सर्वांचा विचार त्या निमित्ताने झाला. त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने कायदा केला आणि त्याला अनुसरून आलेल्या नियमांनी भाराची ही पट्टी आज दिसते त्या स्वरूपात दारावर आणली. सत्य सांगणारा एवढासा कागद दारावर लागावा म्हणून केवढी किंमत मोजावी लागली! आणि तरीही जाहिरातीच्या फलकावर मोठ्या अक्षरांत झळकतो तो ओढण्याचा आकडा. पेलण्याचा आकडा मात्र गाडी विकत घेऊन दार उघडल्यावर वाचावयाचा.

याच्या विरोधी पक्षाचे म्हणणे आम्हांस ठाऊक आहे, आणि ते सर्वस्वी टाकाऊ नाही. प्रौढ माणसाने आपल्या गाडीचे पुस्तक वाचावे, शासनाने प्रत्येकाच्या मागे पोलीस का लावावा, असे ते म्हणतात. अभियंते मर्यादा ठरविताना काही राखीव बळ ठेवतातच. शे-दीडशे किलो अधिक झाल्याने आभाळ कोसळत नाही, असेही ते म्हणतात. आणि वर्षानुवर्षे असाच जड ट्रेलर ओढून एकही अपघात न झालेले चालक साक्षीला उभे करतात. पहिला मुद्दा आम्हांस तत्त्वतः मान्य आहे. परंतु जबाबदारी ज्याच्यावर टाकावयाची त्याच्या हाती खरी माहिती सौद्याच्या आधी दिली पाहिजे, नंतर नव्हे. दुसऱ्या मुद्द्याविषयी एवढेच सांगावयाचे की, राखीव बळ हे खड्ड्यासाठी, जुन्या टायरासाठी, अचानक आडव्या आलेल्या जनावरासाठी ठेवलेले असते. ते घरून निघतानाच खर्चून टाकणाऱ्यापाशी संकटाच्या क्षणी काय उरणार? आणि अपघात न झालेल्या चालकाची साक्ष फार तर त्याच्या दैवाविषयी काही सांगते. त्याच्या हिशेबाविषयी काहीच सांगत नाही. शिवाय महामार्गावर तो एकटा नसतो. समोरून येणाऱ्या गाडीतल्या कुटुंबाने त्याच्या साहसाला संमती दिलेली नसते.

युरोपाने निराळी वाट धरली आहे. तेथे गाडी किती वजनाचा ट्रेलर ओढू शकते हा आकडा नोंदणीपत्रावर असतो आणि तो ओलांडणे हा गुन्हा ठरतो. साध्या परवान्यावर मोठा ट्रेलर ओढता येत नाही. वजन वाढले की अधिक शिक्षण किंवा निराळी परीक्षा लागते. इंग्लंडात ही वेगळी परीक्षा डिसेंबर २०२१ मध्ये रद्द करण्यात आली. अवजड मालट्रकांच्या चालकांचा तुटवडा पडल्याने परीक्षकांना त्या कामी मोकळे करावयाचे होते. सोयीसाठी सुरक्षेचा दंडक सैल करण्याचा मोह जुन्या, शिस्तप्रिय देशांनाही होतो, हे यावरून दिसते. तरीही ट्रेलरसाठी ३,५०० किलोंची मर्यादा तेथे उभीच आहे.

आता आपल्याकडे पाहू. आपल्या येथे कॅराव्हान म्हणून जी वाहने आज दिसतात ती बहुतांशी स्वतःच्या इंजिनाची, बसच्या किंवा टेम्पोच्या सांगाड्यावर बांधलेली आहेत. मागे जोडून न्यावयाचे घर अजून विरळा आहे. पण जोडून ओढण्याचा प्रश्न आपणांस नवा आहे असे कोणी समजू नये. बेळगाव आणि कोल्हापूर भागांत गळीत हंगाम सुरू झाला की एका ट्रॅक्टरच्या मागे उसाने शिगोशीग भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या रस्त्यावर येतात. पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, मागे दिवा नसतो. चढावर ट्रॅक्टरची पुढची चाके जमिनीवरून सुटू पाहतात आणि सुकाणू निरुपयोगी होते. उतारावर पंधरा-वीस टनांचा ऊस एका ट्रॅक्टरच्या ब्रेकवर विसंबतो. ट्रॅक्टर ओढतो यात शंका नाही. तो आवरतो काय, हा प्रश्न कारखान्याच्या गव्हाणीपाशी कोणी विचारीत नाही. ऊस तोडणारा, ट्रॉली भरणारा आणि ट्रॅक्टर हाकणारा, हे तिघेही खेपेच्या टनावर मजुरी मिळविणारे गरीब लोक आहेत. त्यांना दोष देणे सोपे आहे. पण टनावर दर ठरविणारी व्यवस्था हीच अधिक लादण्याचे आमंत्रण देते, हे आम्ही स्पष्टपणे सांगू इच्छितो.

गोमंतकाचा अनुभवही वेगळा नाही. खाणींच्या भरभराटीच्या वर्षांत येथून वर्षाला पाच कोटी टनांच्या आसपास खनिज निर्यात होई, आणि त्यातले फार मोठे खनिज सावर्डे, कुडचडे, डिचोली, उसगाव या भागांतील रस्त्यांवरून ट्रकांनी धक्क्यापर्यंत जाई. खेपांची शर्यत आणि हौद्याच्या काठावर चढलेला ढीग काय करतो, हे त्या गावांना सांगण्याची गरज नाही. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने पुन्हा थांबल्या, आणि लिलावानंतर २०२४ मध्ये काही ठिकाणी पुन्हा उत्खनन सुरू झाले. हा धंदा जसजसा वाढेल तसतशी वजनकाट्याची आठवण ठेवावी लागेल.

कायदा नाही असे नव्हे. जादा भाराला दंड भरला म्हणजे तसेच पुढे जाण्याचा परवाना मिळाला असे होत नाही, जादा माल उतरविलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच बजावले आहे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने जादा भाराचा दंड दोन हजारांवरून वीस हजार रुपये आणि त्यावर प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये असा केला. दंड मोठा झाला. पण वजन केल्यावाचून दंड कशाचा करावयाचा? ज्या रस्त्यावर वजनकाटा नाही, त्या रस्त्यावर हा कायदा कागदावरच राहतो.

आमच्या सूचना मोजक्या आहेत. वाहनाच्या जाहिरातीत ओढण्याचा आकडा छापावयाचा असेल तर पेलण्याचा आकडा त्याच्या शेजारी, तितक्याच मोठ्या अक्षरांत छापणे सक्तीचे असावे. जोडून ओढावयाचे वाहन विकणाऱ्याने ग्राहकाच्या कुटुंबातील माणसे, सामान आणि जुवाचा भार धरून केलेला हिशेब लेखी द्यावा आणि त्याखाली सही करावी. आपल्याकडे ओढावयाच्या कॅराव्हानला मुभा देताना ट्रेलरचे स्वतःचे ब्रेक, नोंदणीपत्रावर ओढक्षमतेची नोंद आणि चालकाला थोडे तरी निराळे शिक्षण, या तीन अटी पहिल्या दिवसापासून असाव्यात. अनमोड, चोर्ला, आंबोली या घाटांचे उतार अमेरिकेतल्या सरळ महामार्गांहून अधिक परीक्षा पाहणारे आहेत आणि पावसाळ्यात तर त्यांना दयामाया नसते. साखर कारखान्यांनी बिनब्रेकची ट्रॉली गव्हाणीवर घेऊच नये. आणि खाणपट्ट्यांपासून धक्क्यापर्यंतच्या मार्गांवर वजनकाटे असावेत, त्यांची नोंद लोकांना पाहता यावी.

परदेशी असलेल्या आमच्या वाचकांना, आणि ज्यांची मुले तेथे आहेत त्यांना, आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. ट्रेलर घेण्याआधी आपल्या पिकअपच्या दारावरची पट्टी वाचा. त्या आकड्यातून घरातली माणसे आणि सामान वजा करा, आणि जे उरेल त्यावरून ट्रेलर निवडा. मग तो घरच्या सामानाने भरून महामार्गावरच्या मालट्रकांच्या वजनकाट्यावर एकदा न्या. तेथे पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलरचे आस यांचे वजन निरनिराळे मिळते आणि त्याला थोडेसेच पैसे पडतात. आकडा जादा निघाला तर सामान कमी करा, किंवा लहान ट्रेलर घ्या, किंवा मोठी गाडी घ्या. विक्रेता काय म्हणतो हे त्यानंतर ऐकले तरी चालेल.

मोकळ्या रस्त्यावर आपले घर घेऊन हवे तिकडे जावे, या कल्पनेत जे स्वातंत्र्य आहे त्याचे आकर्षण आम्हांसही समजते. स्वातंत्र्यासाठी झगडलेल्या पिढीला त्याची किंमत सांगावी लागत नाही. पण आपल्या मर्यादेचा आकडा ठाऊक असणे ही त्या स्वातंत्र्याची आड नव्हे. तो आकडा नागरिकापासून दूर ठेवणे हाच त्याच्या स्वातंत्र्याचा संकोच होय. आणि तो संकोच बाजाराने केला म्हणून आम्ही तो कमी आक्षेपार्ह मानीत नाही.